चुन्याचा ‘एच’ आणि वरच्या तारा

निलंग्याचा तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. २५ मे २०१७. लातूर जिल्ह्यातलं निलंगा, भर दुपार. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन राज्य सरकारचं सिकॉर्स्की एस-७६ हेलिकॉप्टर तात्पुरत्या हेलिपॅडवरून उठतं. धुळीचा लोट येतो, हेलिकॉप्टर थोडं वर जातं, मग वर जायचं थांबतं. पुढच्या काही सेकंदांत ते विजेच्या तारांमध्ये सापडून वस्तीलगत खाली येतं. आतले सहाही जण वाचले. वाऱ्याचा अंदाज बदलला म्हणून वैमानिकाने परत उतरायचं ठरवलं आणि उतरताना पंखे तारांत अडकले, अशी माहिती त्या दिवशी पुढे आली.

तेव्हा मी कॉलेजात होतो. आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर हा व्हिडिओ कुणीतरी मिनिटाला एकदा टाकत होतं, आणि चर्चा नेहमीप्रमाणे राजकारणावर गेली. माझ्या डोक्यात मात्र एक साधा प्रश्न अडकून राहिला. जिथून ते हेलिकॉप्टर उडालं, तिथेच ते आधी व्यवस्थित उतरलं होतं. मैदान तेच आणि ताराही त्याच. मग येताना जे जमलं ते जाताना का जमू नये?

त्या प्रश्नाच्या मागे लागून गेली काही वर्षं मी अशा तात्पुरत्या धावपट्ट्यांचा इतिहास वाचतोय. नोकरी सॉफ्टवेअरची, विमानाशी संबंध फक्त तिकिटापुरता. पण हा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते: अडचणीच्या जागी विमान उतरवण्यापेक्षा तिथून ते बाहेर काढणं जास्त कठीण असतं. आपली भीती बरोब्बर उलटी असते. प्रवासी लँडिंगला देवाचं नाव घेतो आणि टेकऑफला मोबाइल बघतो.

जगभर शिकाऊ वैमानिक ज्या विमानावर हात बसवतात, त्या सेसना १७२ एसचेच आकडे बघा. समुद्रसपाटी, १५ अंश तापमान, वारा नाही, पट्टी पक्की. उतरल्यावर थांबायला या विमानाला ५७५ फूट जमीन लागते. उडताना चाकं सुटेपर्यंत ९६० फूट. म्हणजे सहाशे-सातशे फुटांच्या मैदानात ते सुखरूप उतरेल आणि मग तिथेच अडकून पडेल. उतरताना ब्रेक आहेत, हवेचा विरोध आहे, सगळं निसर्गनियमाने थांबण्याच्याच बाजूने असतं. उडताना मात्र एकट्या इंजिनाला सगळ्यांविरुद्ध ओढायचं असतं.

या बाबतीतलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण आफ्रिकेतलं आहे, आणि त्यात एक जगप्रसिद्ध लेखक आहे.

जानेवारी १९५४. अर्नेस्ट हेमिंग्वेने पत्नी मेरीला नाताळची भेट म्हणून आफ्रिकेवरून विमानाची सैर ठरवली होती. रॉय मार्श नावाचा वैमानिक, छोटं सेसना विमान. २३ जानेवारीला युगांडात मर्चिसन धबधब्यावर घिरट्या घालताना पक्ष्यांचा थवा आडवा आला. मार्शने तो चुकवला आणि विमान एका जुन्या, वापरात नसलेल्या टेलिग्राफच्या तारेला लागलं. झुडपांत कसंबसं उतरवावं लागलं. मेरीच्या बरगड्या मोडल्या, हेमिंग्वेचा खांदा दुखावला. रात्र जंगलात, आजूबाजूला हत्ती. वरून गेलेल्या एका प्रवासी विमानाच्या वैमानिकाला अवशेष दिसले, माणसं दिसली नाहीत, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत हेमिंग्वे गेल्याच्या बातम्या सुरू झाल्या.

लोक हा भाग रंगवून सांगतात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा दिवस. २४ तारखेला एका बोटीने या तिघांना अल्बर्ट सरोवराच्या काठावरच्या बुटियाबा गावात आणलं. तिथे रेजिनाल्ड कार्टराइट नावाचा वैमानिक त्यांना एंटेबेला न्यायला विमान घेऊन थांबला होता. विमान होतं डी हॅविलँड ड्रॅगन रॅपिड: दोन इंजिनांचं, एकावर एक दोन पंखांचं, लाकूड आणि कापडाचं १९३४ सालचं डिझाइन. त्या काळासाठी भरवशाचं. पट्टी म्हणजे नांगरलेल्या शेतासारखी जमीन. या जमिनीवर कार्टराइट उतरला होता, हे लक्षात ठेवा. रॅपिड तिथे आलं होतं, काही न मोडता.

निघताना मात्र विमान दगडा-ढेकळांवरून उड्या मारत धावलं, एका उंचवट्यावरून हवेत फेकलं गेलं, क्षणभर तरंगलं, पुन्हा खाली आदळलं आणि पेटलं. दार वाकून बसलं होतं. मार्शने लाथेने खिडकी फोडली, मेरी तिथून निघाली. हेमिंग्वेचा देह त्या खिडकीतून मावणारा नव्हता. त्याने डोक्याने धडका देऊन दार उघडलं. आतले सगळे वाचले, पण हेमिंग्वेची कवटी फुटली होती, यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडाला मार लागला होता, मणक्याच्या चकत्यांना इजा झाली होती, अंग भाजलं होतं. पहिल्या अपघातातून खरचटून बाहेर पडलेला माणूस या दुसऱ्यातून पुन्हा कधी पूर्ण सावरला नाही. त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं, पण डिसेंबरमध्ये स्टॉकहोमला जाण्याइतकी तब्येत राहिली नव्हती. भाषण अमेरिकेच्या राजदूताने वाचून दाखवलं.

जंगलात आणीबाणीत पाडलेलं विमान कमी लागलं, आणि ‘पट्टी’ म्हणवणाऱ्या जमिनीवरून रीतसर केलेलं उड्डाण जास्त लागलं. त्या पट्टीवर विमान नुकतंच उतरलं होतं आणि आतले लोक वाचल्याच्या आनंदात होते. अशा वेळी ही जमीन परत जाऊ देईल का, हा प्रश्न डोक्यात येतच नाही.

आता हवेकडे येऊ, कारण अर्धी गोष्ट तिथे आहे.

विमान जमिनीपासून किती उंच आहे हे त्याच्या पंखांना कळत नाही. हवा किती दाट आहे एवढंच कळतं. वर गेलं की हवा विरळ होते, हे आपण शाळेत शिकतो. पण हवा तापली तरीही ती विरळ होते. म्हणून वैमानिक एक वेगळी उंची काढतात: या क्षणी ही हवा प्रमाण वातावरणातल्या कोणत्या उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे? ढोबळ हिशेब असा. समुद्रसपाटीला १५ अंश हे प्रमाण, दर हजार फुटांना ते सुमारे दोन अंशांनी उतरतं, आणि त्या प्रमाणापेक्षा जेवढे अंश जास्त, त्या प्रत्येकामागे साधारण १२० फूट वाढवायचे. पाच ओळींचा प्रोग्राम आहे. मी लिहिला.

लातूरचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर, म्हणजे दोन हजार फुटांच्या आसपास. मे महिन्याच्या दुपारी तापमान ४० धरलं तर उत्तर येतं सुमारे ५,५०० फूट. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. थोडक्यात, मे महिन्यात मराठवाड्यातल्या मैदानावर उभं असलेलं हेलिकॉप्टर हवेच्या हिशेबाने कळसूबाईच्या माथ्यावर उभं असतं. डोळ्यांना सपाट रान दिसतं, आणि हवा मात्र समुद्रकाठच्या थंड सकाळीपेक्षा सुमारे १४ टक्के पातळ असते.

मग मी आमच्या भंडाऱ्याचे आकडे टाकले. उंची जेमतेम आठशे फूट, वैनगंगेच्या खोऱ्यातला सखल प्रदेश, धानाची शेती आणि तलाव. पण मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. उत्तर आलं साडेचार हजार फुटांच्या थोडं वर. महाबळेश्वर साधारण ४,४०० फुटांवर आहे. ज्या दुपारी आमच्याकडे कुत्रंसुद्धा रस्त्यावर येत नाही, त्या दुपारी विमानाच्या मते भंडारा हे महाबळेश्वर असतं. फक्त स्ट्रॉबेरी नाही.

ही पातळ हवा तीन ठिकाणी मार देते. पंखांना उचल कमी मिळते, प्रोपेलरला पकडायला हवा कमी मिळते, आणि साध्या पिस्टन इंजिनाला जळणाबरोबर लागणारी हवा कमी मिळाल्याने त्याची ताकदही उतरते. तिन्ही एकदम. उतरताना या गोष्टी फारशा जाणवत नाहीत, कारण तेव्हा इंजिनाकडे आपण काही मागत नसतो.

हे शहाणपण नवं नाही. विमानाइतकंच जुनं आहे. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ला किटी हॉकला उड्डाण केलं तेव्हा समुद्रकाठ होता, कडाक्याची थंडी होती आणि समोरून जोरदार वारा होता. हवा दाट, वारा फुकटचा. पुढच्या वर्षी ते घराजवळ, डेटन गावाबाहेर हफमन नावाच्या बँकवाल्याच्या कुरणात आले. गाई-घोडे बाजूला हाकायचे आणि उडायचं. जगातली पहिल्या काही तात्पुरत्या धावपट्ट्यांपैकी ही एक. उंची सुमारे आठशे फूट, म्हणजे भंडाऱ्याएवढीच. ओहायोचा दमट उन्हाळा आणि पडलेला वारा. विमान उठेना. आदल्या वर्षी उडून दाखवलेली माणसं कुरणात रुळावरून घसरत बसली. शेवटी सप्टेंबर १९०४मध्ये त्यांनी एक मनोरा उभा केला, त्यावर शेकडो किलोंचं वजन टांगलं, दोर विमानाला बांधला, आणि वजन खाली सोडून विमानाला पुढे झटका द्यायला सुरुवात केली. म्हणजे उड्डाणाचं गणित सुटत नाही म्हटल्यावर त्यांनी गोफण बनवली. मला राइट बंधूंची ही गोष्ट किटी हॉकपेक्षा जास्त आवडते. किटी हॉकला निसर्ग त्यांच्या बाजूने होता.

आणखी एक फसवी गोष्ट आहे, आणि बुटियाबातलं ते ‘क्षणभर तरंगणं’ त्यामुळे कळतं. जमिनीच्या अगदी जवळ पंखांखालची हवा दाबली जाते, पंखांच्या टोकांशी होणारे भोवरे मोकळे फिरू शकत नाहीत, आणि विमानाला थोडी जास्तीची उचल मिळते. हवेची उशीच म्हणा. या उशीवर विमान अशा वेगातही तरंगतं ज्या वेगात ते खरं तर उडू शकत नाही. खडबडीत जमिनीवर एखादा धक्का विमानाला वर फेकतो, वैमानिकाला वाटतं निघालो, आणि उशी संपली की विमान खाली बसतं.

हेलिकॉप्टरबद्दल आपला समज असतो की ते सरळ वर जातं, त्याला धावपट्टीची गरजच नाही. पण त्यालाही हीच उशी असते, साधारण त्याच्या पंख्याच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत. एस-७६चा पंखा १३.४ मीटरचा आहे. भरल्या वजनाचं हेलिकॉप्टर या उशीवर आरामात तरंगतं. मग त्याला पुढे वेग घ्यायचा असतो, कारण वेग आला की पंख्याला ताजी हवा मिळते आणि उचल पुन्हा वाढते. उशी सुटली आहे आणि वेग अजून आलेला नाही, असा एक मधला पट्टा असतो. थंड हवेत, समोरच्या वाऱ्यात तो कळतसुद्धा नाही. तापल्या दुपारी, मैदान लहान असेल तर त्या पट्ट्यात हेलिकॉप्टर खाली झुकतं. आणि आपल्याकडे मैदानाच्या कडेला, नेमक्या त्या उंचीवर, विजेच्या तारा असतात.

निलंग्यात दोष कुणाचा, हे वाटायला मी बसलेलो नाही. त्यासाठी तपास यंत्रणा असते. मला दिसतो तो सांगाडा: तापलेली हवा, तात्पुरती जागा आणि तार. हेमिंग्वेच्या दोन दिवसांतही हेच सामान होतं, फक्त दोन अपघातांत वाटून आलेलं. योगायोग असा की अल्बर्ट सरोवराचा काठही समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटरवर आहे. लातूरएवढाच.

मराठी मुलखात या गोष्टीची सुरुवात त्याच उंचीवर झाली होती. जानेवारी १९११मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात घोडदळाचा मोठा युद्धसराव झाला. ब्रिस्टल कंपनीने आपली बॉक्सकाइट विमानं विकायला भारतात पाठवली होती. काठ्या, कापड आणि तारांचा सांगाडा, मागे पन्नास अश्वशक्तीचं इंजिन, वैमानिक पंखाच्या कडेवर उघड्यावर बसलेला. हाँरी ज्युलेरो हा फ्रेंच वैमानिक आणि निरीक्षक म्हणून कॅप्टन सेफ्टन ब्रँकर. धावपट्टी हा शब्दच या देशात नव्हता, तेव्हा मिळेल त्या मोकळ्या जमिनीवरून त्यांनी ‘शत्रू’ची टेहळणी केली. पुढच्या महिन्यात, १८ फेब्रुवारीला, अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानावरून हाँरी पेकेने टपालाच्या पिशव्या घेऊन नैनीला उड्डाण केलं; जगातली पहिली अधिकृत विमानडाक ती. दोन्ही प्रसंगांचा महिना बघा. पन्नास घोड्यांचं इंजिन औरंगाबादच्या मे महिन्यात दोन माणसांना उचलू शकलं असतं का, याबद्दल मला दाट शंका आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. तेव्हाचं जुहू म्हणजे समुद्राला लागून असलेली चिखलाची सपाटी. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची, म्हणून त्या महिन्यांत सगळा कारभार पुण्याला हलवायचा. आज आपण ज्याला विमानकंपनी म्हणतो तिचं पहिलं घर असं ऋतूप्रमाणे बदलणारं होतं. जमीन आणि हवा परवानगी देईल तेव्हाच उडायचं, हे तेव्हा कुणाला कमीपणाचं वाटत नव्हतं.

आमच्या भागात पक्की पट्टी आली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. १९४०मध्ये इंग्रजांनी गोंदियाजवळ बिरसीला विमानतळ बांधला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. १ मे १९९९ला जिल्हा वेगळा झाला आणि विमानतळही त्यांच्याकडे गेला. (भंडाऱ्याच्या लोकांना हे सांगितलं की आजही थोडं लागतं.) तिथे आता नवे वैमानिक घडतात. पहाटेपासून छोटी विमानं घिरट्या घालतात.

पण बिरसी सोडलं तर बाकी सगळीकडे मैदानंच. आमच्याकडे शेत म्हणजे धानाच्या बांध्या, आणि प्रत्येक बांधीला धुरा. शंभर पावलं सलग सपाट जमीन शोधायची तर ती शाळेचीच सापडते. साकोलीकडच्या आमच्या गावात मी सहावीत असताना निवडणुकीच्या सभेला एक बडे नेते हेलिकॉप्टरने आले होते. आदल्या दिवशी चुन्याने मोठं वर्तुळ आणि त्यात ‘एच’ काढला. टँकरने पाणी मारलं. बांबूंचे कठडे, पोलीस, अग्निशमनची एक गाडी, आणि आम्ही पोरं झाडांवर. हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा हजारो लोक होते. सभा संपून ते निघालं तेव्हा टँकर परत गेला होता, मारलेलं पाणी सुकलं होतं, ऊन डोक्यावर होतं, पोलीस सभेच्या गर्दीत होते, आणि आम्ही पोरं झाडांवरून उतरून थेट कठड्याला चिकटलो होतो. धुळीने डोळे भरले. काही झालं नाही. पण आता आठवलं की कळतं, ती सगळी व्यवस्था आगमनाची होती. स्वागताची तयारी आपण मन लावून करतो. साहेब निघाले की यंत्रणेचा जीव भांड्यात पडतो आणि जो तो आपल्या गाडीकडे वळतो.

अशी मैदानं वापरूच नयेत, असं म्हणणं मूर्खपणाचं होईल. शेजारच्या गडचिरोलीत मतदान कर्मचारी आणि यंत्रं दुर्गम केंद्रांवर न्यायला हेलिकॉप्टरच लागतं. पुरात, जखमी जवानाला हलवताना तेच लागतं. तिथे पक्का हेलिपॅड मागत बसायला वेळ नसतो.

आणि उपाय काही गूढ नाहीत, राइट बंधूंच्या काळापासून तेच आहेत. सकाळी लवकर निघा, कारण ४५च्या जागी २८ अंश असले तर आमच्या भंडाऱ्यात त्या हिशेबातून दोन हजार फूट एकदम कमी होतात. वाऱ्याच्या तोंडावर निघा. बाहेर पडायची दिशा आधी पायी चालून बघा आणि वर मान करून तारा मोजा. आणि सगळ्यात मोठा उपाय, वजन कमी करा. एस-७६चं कमाल वजन सुमारे ५,३०० किलो; त्यातलं यंत्राचं वजन बदलता येत नाही, इंधन एका मर्यादेपलीकडे कमी करता येत नाही. उरतात माणसं आणि सामान.

इथे गणित संपतं आणि वेगळंच काहीतरी सुरू होतं. तापलेल्या मैदानावर, पंखा फिरत असताना, कुणीतरी दार उघडून म्हणायचं असतं की सगळ्यांना नेता येणार नाही. दोघं खाली उतरा. त्या बॅगा गाडीने येऊ द्या. किंवा त्याहून अवघड: साहेब, साडेपाचपर्यंत थांबावं लागेल. पुढच्या गावात मांडव भरलेला असतो, फोन वाजत असतात, आणि आत बसलेल्यांपैकी प्रत्येकाला आपण उतरण्यातला नाही याची खात्री असते. स्वीय सहायकाला वाटतं अंगरक्षक उतरेल, अंगरक्षकाला तर उतरायची परवानगीच नसते, आणि स्थानिक आमदार तर मोठ्या मुश्किलीने आत बसलेला असतो. तिथे पगारावर असलेल्या वैमानिकाला, समोरच्या आरशात मागे बघत, हे वाक्य मोठ्याने म्हणावं लागतं.